ओठांच्या मागे पडणारे गाणे

फोनवर नीट दिसणाऱ्या व्हिडिओत संपादनानंतर ओठ आणि आवाज यांची फारकत का होते, हा प्रश्न मी काही वर्षांपूर्वी गिरीज गावातल्या एका लग्नघरी सोडवायला बसलो होतो. केळीच्या ओल्या पानांचा वास आला की ती दुपार आठवते. वधूच्या आजीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने खाटेवर बसून म्हटलेले हळदीचे गाणे फोनवर टिपून संध्याकाळी मांडवात पडद्यावर दाखवायचे ठरले होते. काटछाट करून मी ते आधी तिलाच दाखवले. "तोंड मिटलंय न गाना चाललाय. भूत हाय का मी? नको लावू," ती म्हणाली. तिची सून हळूच म्हणाली, "सर, तुम्ही सकाळपासून नुसती सॉफ्टवेअरं बदलताय." ते खरे होते, आणि दोष प्रत्येकात तोच येत होता. मग मी गाणे सुरुवातीपासून शांतपणे पाहिले. पहिल्या कडव्यात ओठ जुळत होते, शेवटच्या कडव्यात बरेच पुढे गेले होते. फरक असा वाढत जात असेल, तर नुसता आवाज सरकवून भागत नाही: फोन उजेडानुसार सेकंदाला कमीजास्त चित्रे टिपतो आणि संपादनाचे सॉफ्टवेअर ती सारख्याच अंतराने टिपलेली धरते. मी मूळ फाइल आधी स्थिर फ्रेमदरात, म्हणजे सेकंदाला ठरावीक चित्रांत, बदलली, मग पुन्हा काटछाट केली. संध्याकाळी पडद्यावर आजी गाऊ लागली, दुसऱ्या ओळीला मांडवातल्या बायकांनी सूर धरला आणि आतल्या खोलीतून आजीनेही. आजही मी याच क्रमाने काम करतो; तरी वाचकांनी माझ्या शब्दावर न विसंबता आपल्या फोनमधला एखादा लांब व्हिडिओ घेऊन हे स्वतः पडताळून पाहावे.