नलिनीच्या ओव्हनमधले चॉप

सुजाताचा फोन आला तेव्हा दुपारचं सगळं आवरून मी पेपर घेऊन बसले होते. ‘‘काकू, आई गेली,’’ एवढंच ती म्हणाली. नलिनी पुण्याला लेकीकडं पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली होती. जाताना मला कुंडीतल्या पुदिन्याला पाणी घालायला सांगून गेली होती. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आदल्या दोन दिवसांपासून दुखत होतं म्हणे, पण कुणाला सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या दुखण्यावर धावलेल्या बाईनं स्वतःचं दुखणं असं गिळून टाकावं याचा मला आधी राग आला, मग रडू आलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. रडू कमी झालंय, राग अजून थोडा शिल्लक आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळंबा रस्त्याला आमची कॉलनी नुकती उठत होती. त्यात आमच्या भिंतीला भिंत लावून तिनं आणि अशोकरावांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स, ते पाटबंधारे खात्यात. मूळ गाव नेसरीकडचं. कॉलनी तिला सिस्टर म्हणायची आणि ती मला बाई म्हणायची, कारण मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. माझ्या सासूबाईंना साखरेचा आजार. त्यांना रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी इंजेक्शन टोचायला ती यायची, तेही न सांगता. सासूबाईंना ती आक्का म्हणायची आणि सुई टोचताना मुद्दाम त्यांच्या माहेरची चौकशी काढायची. माहेरच्या गोष्टीत रंगलेल्या सासूबाईंना सुई कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही. पहिल्या सहा महिन्यांतच आमच्या घरातली सकाळ तिच्यावाचून सुरू होईना.

आणि अशा बाईला मी जे बोलले ते लिहायला मला आज जड जातंय, पण लिहिते. आम्ही जैन. घरात कांदासुद्धा चार महिने वर्ज्य. एका रविवारी नलिनीच्या स्वयंपाकघरातून वास आला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या, तिच्या दारात गेले आणि वर्गातल्या हुशार मुलीशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाले, की सिस्टर, तेवढी खिडकी लावून करत जा, आमच्या आईंना सोसत नाही. ‘‘व्हय बाई, चुकलंच,’’ म्हणत तिनं माझ्यासमोर खिडकी लावून घेतली. मी घरी आले ती किती गोडीत काम झालं याच समाधानात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी इंजेक्शन द्यायला आली, सासूबाईंशी नेहमीसारखी बोलली. मला वाटलं, विषय मिटला.

तो मिटलेला नव्हता हे कळायला दीड-दोन वर्षं गेली. सासूबाईंच्या पायाला जखम होऊन त्या दवाखान्यात होत्या आणि ड्यूटी संपल्यावरही नलिनी आमच्याजवळ थांबायची. त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर डबा खात होतो. बोलता बोलता तिनं सांगितलं की आमच्या कॉलनीत येण्याआधी ती भाड्याच्या खोलीत राहायची. डुकराचं मटण शिजवल्याचा वास आला म्हणून घरमालकानं त्यांना आठ दिवसांत खोली सोडायला लावली होती. सुजाता तेव्हा अंगावर पीत होती. स्वतःचं घर बांधायचं ते त्यानंतर डोक्यात घेतलं... हे सांगताना तिचा रोख माझ्याकडं नव्हता. मी मात्र डब्याचं झाकण लावून टाकलं.

नर्सिंगच्या शिक्षणाच्या वेळी तिची एक खोलीसोबतीण होती, फिलोमिना नावाची, बेळगावची. एका सुट्टीत तिनं नलिनीला घरी नेलं होतं. तिथं फिलोमिनाच्या आजीनं ओव्हनमध्ये डुकराचे चॉप भाजले होते. बरगडीच्या हाडासकट कापलेले दोन बोटं जाड तुकडे, वरून तांबूस, आणि सुरी लावली की आतून रस. पण नलिनीच्या लक्षात राहिलं होतं ते वेगळंच. ‘‘म्हातारीनं ताट टेबलाच्या मधोमध ठिवलं, बाई. दारं उघडी. रस्त्यानं जाणाऱ्यानं इचारलं काय केलंय, तर तिनं सरळ सांगितलं. आमच्यात हे खाल्लं तरी कुणी त्याचं नाव घेत न्हाय. मला एकदा तरी असं मधोमध ठिवायचं हाय.’’ तिची हाव एवढीच होती. त्यासाठी पगारातून तिनं तो गोल, घुमटासारख्या झाकणाचा, वर काच बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन घेतला होता. अडचण अशी होती की चॉप काही केल्या मऊ होत नव्हते. अशोकराव पहिला घास चावून विचारायचे, ही चप्पल पानात वाढायचीय का पायात घालायची?

याचं कारण तिच्या नोकरीत होतं. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात आणि पोटातून डोक्यात गेलेल्या जंतांचे, झटके येणारे पेशंट तिनं वॉर्डात बघितले होते. त्यामुळं ती तुकडे ओव्हनमध्ये घालायची आणि दीड तास झाकण उघडायची नाही. माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. मी म्हटलं, घड्याळ कशाला बघतेस, आत किती तापमान आहे ते बघ. सत्तर अंशांच्या आसपास पोचलं की भीती नाही, त्याच्या पुढं नुसतं वाळत जातं. तापाचा थर्मामीटर तिथं उपयोगाचा नाही, म्हणून प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून मी शंभराच्या वर मोजणारा, लाल रेघेचा थर्मामीटर आणून दिला. तेवढ्यानं माझं प्रायश्चित्त झालं असं मी धरून चालले होते. तर ती म्हणाली, चाळिशी लागली, असल्या बारीक रेघा मला दिसत नाहीत.

म्हणजे तिथं बसून आकडा मी वाचायचा होता. जीव मारून खाणं मला पटत नव्हतं, आजही पटत नाही, आणि ते मी तिला तिथंच सांगितलं. तिला राग आला नाही. ‘‘तुमी खाऊ नका की. हातबी लावू नका. मी टोचून धरती, तुमी लांबनं निसता आकडा वाचा.’’

असं करत महिन्यातून एक-दोन रविवार दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायला लागले. घरी काय सांगायचं? ओव्हन म्हटलं की आमच्याकडं एकच गोष्ट सुचायची. मी सांगितलं, सिस्टरकडं केक शिकायला जाते, बिनअंड्याचा. सासूबाई खूश झाल्या. मी शाळेत मुलींना खोटं बोलण्याबद्दल हातावर छडी द्यायचे, आणि इथं त्या त्या रविवारी दुपारी तोंड वर करून खोटं बोलायचे. सूर्यास्ताच्या आत माझं जेवण, म्हणून चार वाजता सुरुवात करून सहाच्या आत आम्ही सगळं आटपायचो.

कोरडेपणावरचा पहिला इलाज तिनंच काढला आणि तो फक्त तिलाच सुचला असता. एका रविवारी बघते तर चॉप पातेल्यात पाण्यात बुडालेले. मीठ आणि गुळाचा खडा घातलेलं पाणी. वॉर्डात सुकून आलेल्या पोरांना आपण जलसंजीवनी देतो, मग यालाही देऊन बघितली, असं ती अगदी गंभीरपणे म्हणाली. मी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होते. पण उपाय लागू पडला. मग रात्रभर असं पाण्यात ठेवायचं, सकाळी फडक्यानं खडखडीत पुसायचं, लसूण-मिरी चोळायची, कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजू लाल करायच्या, चरबीची कड तव्यावर उभी धरायची आणि मगच ओव्हन, असं बसत गेलं. हे सगळं मला पाठ आहे. चव विचाराल तर मला ठाऊक नाही.

तरीसुद्धा सुरी लावली की ताटात पाण्याचं तळं व्हायचं आणि तुकडा कोरडा. सत्तर आकडा आला की ती झाकण काढून लगेच कापून बघायची, धीर म्हणून नाही. एका रविवारी मी बासष्ट वाचले, म्हटलं अजून पाच मिनिटं, तिनं झाकण ठेवलं आणि लाईट गेली. ती हवालदिल झाली. बेळगावहून तिच्या दिरानं बर्फात घालून आणलेलं मटण, असं क्वचितच मिळणारं. ती गॅसवर कुकर चढवायला निघाली होती. मी मात्र ओव्हनला हात लावून बघितला, चांगला तापलेला होता. तिला म्हटलं, झाकण उघडू नको, उष्णता कुठं पळून जात नाही. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघी त्या घुमटाकडं बघत बसलो. मग तिनं झाकण काढून टोचलं आणि मी वाचलं, सत्तर... तिनं कापलं. ताट कोरडं राहिलं, रस आतल्या आत होता. तिनं एक घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. अशोकरावांनी त्या दिवशी चपलेचं नाव काढलं नाही. तेव्हापासून बासष्टला बटण बंद करायचं आणि मुकाट बसायचं, हा नियम झाला.

सुजाता बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली आणि पुण्याला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा नलिनीनं जेवण ठेवलं. दवाखान्यातल्या दोन सहकारी, अशोकरावांच्या ऑफिसातले एक साहेब, कॉलनीतली दोन घरं. मी माझा पुरी-भाजीचा डबा घेऊन पाच वाजताच गेले. तिनं आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मग बाहेरचं दार. आणि ताट टेबलाच्या मधोमध ठेवून खणखणीत आवाजात सांगितलं की हे डुकराचे चॉप आहेत, खाणाऱ्यांनी घ्या, न खाणाऱ्यांसाठी पनीर आहे. कुणी उठून गेलं नाही. साहेबांनी तर दोनदा घेतलं आणि विचारलं, सिस्टर, हे शिकलात कुठं? तिनं कौतुकानं माझ्याकडं हात केला, म्हणाली, यातलं अर्धं बाईंचं आहे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कॉलनीतल्या त्या दोन घरांतून गोष्ट आमच्या घरी जायला किती वेळ? मी पटकन म्हणाले, छे, माझा काय संबंध, मी आपली सुजाताला भेटायला आलेय.

नलिनी पनीरचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडं वळली. वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी मी ओशाळून तिच्याकडं गेले तेव्हा ती ओव्हन पुसत होती. मी सारवासारव करायला लागले, तर तिनं मला थांबवलं. ‘‘बाई, माझी खिडकी मी उघडली. तुमची तुमी बघा.’’ आणि चहा ठेवला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो शब्द आजवर मला टोचतो. पुढं सासूबाई गेल्या, मी निवृत्त झाले, तिचे केस पांढरे झाले. रविवार चालू राहिले. तिच्या घरात आता दारं-खिडक्या सताड उघड्या असायच्या, आणि तिच्याकडं जाताना मी मात्र घरी सांगायचे, केक करायला जाते. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही.

सुजाताचं पुण्यात बरं चाललंय. तिच्याकडं भिंतीत बसवलेला ओव्हन आहे आणि आपोआप आकडा दाखवणारी सळई आहे. परवा फोनवर म्हणाली, आई गेल्यापासून पहिल्यांदा चॉप केले, मजल्यावरच्या तिन्ही घरांतली माणसं आपापली ताटं घेऊन आली. ताटात रस सांडला का, असं मी विचारलं. ‘‘न्हाय काकू, आत ऱ्हायला,’’ ती म्हणाली, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिच्या तोंडून हुबेहूब आईची भाषा आली. मला फार बरं वाटलं. एखादं माणूस जातं ते सगळंच्या सगळं जात नाही, हे इतक्या साध्या वाक्यातून कळेल असं वाटलं नव्हतं.

हा लेख मी मागच्या आठवड्यात लिहून काढला आणि पाठवण्याआधी आमच्या घरी यांना वाचायला दिला. तो कच्चा खर्डा होता. त्यात नलिनीचं नाव नव्हतं, ‘माझी एक शेजारीण’ असं होतं, आणि चॉपच्या जागी ‘एक विशेष मांसाहारी पदार्थ’. यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला. इतक्या वर्षांचं खोटं त्यांच्या हातात होतं.

‘‘एवढी वर्षं तू केक शिकायला जात हुतीस,’’ हे म्हणाले. ‘‘आपल्या घरात एकदा तरी केक झाला का?’’

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

‘‘आईलाबी ठाऊक हुतं,’’ कागद माझ्याकडं सरकवत हे म्हणाले. ‘‘ती म्हणायची, जाऊ दे, ती सिस्टर माझ्यासाठी रोज येते की. आता नाव लिही त्यांचं. आणि काय करायच्या तेबी लिही.’’

मी पेन घेतलं, दोन्ही ठिकाणी काट मारली आणि वर लिहिलं: नलिनी अशोक कांबळे. डुकराचे चॉप. अर्धं काम माझं.