माझं नेटिव्ह

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. अम्माजवळसुद्धा नाही — तिच्याजवळ तर मुळीच नाही.

चेन्नईत नवं माणूस भेटलं की नावानंतरचा प्रश्न ठरलेला — नेटिव्ह कुठलं? शब्द इंग्रजी, पण इथे त्याचा अर्थ मूळ गाव. कोश काय म्हणतो ते कोशाला माहीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. उत्तर तसं सोपं होतं. मग पेरुंगुडीच्या ऑफिसात पुण्याच्या केतकीने विचारलं, तेव्हा मी "कुंभकोणम, तमिळ" असं का म्हणाले? कारण आदल्याच दिवशी तिने तंजावरी मराठीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. आणि — मीही हसले होते.

मग केतकी आणि ऑफिसातल्या इतर मराठी लोकांनी जेवणाच्या टेबलावर मला मराठी शिकवायला घेतली. मला! मी मुद्दाम अडखळायची. "किती पटकन शिकतेस गं!" या कौतुकाला मी भाळले, सांगायलाही लाज वाटते. तुम्ही वाचताय ती ही नीटस मराठी त्याच टेबलावरची आहे.

एकदा माझं ओळखपत्र घरी राहिलं. अप्पा ते घेऊन आले. आम्ही सगळे खाली चहाच्या टपरीपाशी उभे होतो. मराठी कानावर पडली आणि अप्पांचा चेहरा असा काही खुलला —

"तुम्ही मराठी कीं? बरें झालें! आम्हींही मराठीच. घरांत दुसरें बोलणें नाहीं."

केतकी माझ्याकडे बघायला लागली. आणि मी काय केलं? हसून इंग्रजीत म्हणाले, अप्पा गंमत करतात, आमचे शेजारी मराठी होते, त्यांच्याकडून चार वाक्यं उचलली आहेत.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मान डोलावली. "आमां, आमां," तमिळमध्ये म्हणाले, हो, शेजारीच होते. माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन ते बसथांब्याकडे चालू लागले. मी ओळखपत्र गळ्यात घातलं आणि चहा संपवला.

केतकी केव्हाच पुण्याला परत गेली. अप्पा अजून रोज माझ्यासाठी दार उघडतात. अम्माशी मराठीच बोलतात. मला मात्र त्या दिवसापासून तमिळमध्ये विचारतात, "साप्टिया?" — जेवलीस का. शेजारच्या मुलीला विचारावं तसं.

मीही तमिळमध्येच सांगते, जेवले.