कर्वेनगरच्या फ्लॅटची दुसरी पार्टी

गृहकर्जाचे व्याजदर उतरले आणि आमच्या बिबवेवाडीतल्या भाड्याच्या घरात भांडणं चढली.

"अहो, सगळे फ्लॅट घेतायत," सुनीता रोज म्हणायची. "हप्ता आणि आपलं भाडं आता जवळजवळ सारखंच येतं."

"थांब जरा. दर आणखी उतरतील," मी म्हणायचो. (मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. पुढचं वाचताना हे विसरलात तर उपकार होतील.)

दर खरंच आणखी उतरले! पण ते उतरले की हिंजवडीत नोकरीला लागलेली पोरं कर्ज काढून धावत सुटत, आणि फ्लॅटचे भाव चढत. कर्वेनगरचा एक फ्लॅट आम्ही दोघांनी वॉचमनकडून किल्ली घेऊन पाहिला होता. सुनीताचा जीव त्याच्या गॅलरीत अडकला. मी तिथेही "थांबू" म्हणालो. त्या दिवसापासून तिने घराचा विषयच बंद केला. बायको भांडते तोवर ठीक असतं हो! ती गप्प झाल्यावर मी घाबरलो, आणि तिला न सांगता फ्लॅटच्या मालकांना फोन केला. सोनटक्के सर. निवृत्त हेडमास्तर.

"घेतो मी तुमचा फ्लॅट."

"उशीर केलात. दुसरी पार्टी आलीये."

"ते किती देतायत?"

"मूळ किमतीहून जास्त."

मी पन्नास हजार वाढवले. दुसऱ्या पार्टीनेही वाढवले. मी पुन्हा वाढवले! एरवी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घसा कोरडा करणारा मी. पण व्याज इतकं कमी की वाढवलेले पैसे हप्त्यात जाणवतच नव्हते.

रविवारी सुनीताचा धाकटा भाऊ शिरीष जेवायला आला. सॉफ्टवेअर कंपनीत होता, पगार भरपूर, पण चेहरा पडलेला.

"भावोजी, एक फ्लॅट बघतोय. पण कोणीतरी मूर्ख माणूस सारखा भाव चढवतोय."

"कुठे आहे फ्लॅट?"

"पक्कं झालं की सांगेन," तो म्हणाला आणि उगाचच आपल्या ताईकडे बघू लागला.

मला त्याची दया आली. हाताला लागलेलं श्रीखंड वाळेपर्यंत मी त्याची फुकट शिकवणी घेतली. "माघार घेऊ नकोस! एकदम लाख वाढव. वीस वर्षांत वाटून गेले की हप्त्यात कितीसे दिसतात?"

"पटलं," शिरीष म्हणाला.

सोमवारी सरांचा फोन. "दुसऱ्या पार्टीने एकदम लाख वाढवले."

"काय एकेक माणसं असतात!" मी ओरडलो आणि सव्वा लाख वाढवले.

सर वैतागले. "संध्याकाळी दोघेही माझ्या घरी या. एकदाच काय ते मिटवा."

टोकनचा चेक खिशात घालून मी गेलो. सोफ्यावर शिरीष. शेजारी सुनीता!

"अहो, तुम्ही इथे?"

"तू इथे कशी?"

"तुम्ही घेणार नाही, म्हणून शिरीषला घ्यायला लावत होते. निदान भावाच्या गॅलरीत तरी बसले असते!"

"ओळख आहे वाटतं," सर म्हणाले.

"म्हणजे तो मूर्ख माणूस..." शिरीषने जीभ चावली.

मी सरांना हात जोडले. "सर, आमच्या घरातलाच घोळ झालाय. मूळ किमतीवर येऊ या का?"

"घोळ तुमच्या घरातला. फ्लॅट माझा."

ताईसाठी शिरीषने माघार घेतली. चढलेल्या भावाने फ्लॅट मी घेतला. सुनीता गॅलरीत खुर्ची टाकून बसली ती उठेचना. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

काही महिन्यांनी शिरीषनेही घर घेतलं. आमच्याच मजल्यावर, समोरचं दार, तेवढ्याच खोल्या. किंमत ऐकून माझ्या हातातला चहा सांडला.

"इतक्या स्वस्तात कसा मिळाला रे?"

"भावोजी," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "या वेळी तुम्हाला विचारलं नाही."