दोन ते अडीच

आमच्या फ्रेंच सरांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं. मूळचे अल्लीपूरचे. वर्ध्याच्या कॉलेजात जुन्या फ्रेंच कादंबऱ्या इंग्रजीतून वाचून आम्हाला वऱ्हाडीतून सांगायचे, म्हणून हे नाव. त्यातला संशयी प्रियकर आला की सर रंगात यायचे. बाई कुठे गेली, कोणाशी हसली, हेच विचारत तो झुरायचा. "हे प्रेम नाई, पोट्टेहो, पहारा आहे," असं सर म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

पुढे मी बी.ए. सोडून नर्सिंगला गेले आणि ड्यूटी लागली ती नेमकी सरांच्या बायकोबरोबर, ताईंबरोबर. तिथे पहारा डोळ्यांनी पाहिला. रोज अडीचच्या आधी सरांची स्कूटर दवाखान्याच्या फाटकाशी उभी. बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, काय नशीब काढलंय ताईंनी! कसलं डोंबलाचं नशीब! घर येईपर्यंत सरांची उलटतपासणी चालायची: डबा खाताना शेजारी कोण होतं, नवा डॉक्टर काय बोलला. ताई सगळं सांगायच्या. कंटाळा आला की काहीबाही रचूनही सांगायच्या.

मागच्या वर्षी ताई काविळीने गेल्या. शोकसभेत मेट्रन कौतुकाने म्हणाल्या, सिस्टर इतक्या नेमक्या, की दोनच्या ठोक्याला पुढच्या पाळीला चार्ज देऊन मोकळ्या व्हायच्या. सरांनी मान वर केली. ताईंनी त्यांना इतकी वर्षं सुट्टीची वेळ अडीच सांगितली होती.

मग सर माझ्या घरी खेटे घालू लागले. गेलेल्या बाईवर कसला संशय घेता, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. पण दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले पाहून जीव तुटायचा. एकदा म्हणाले, "खरं सांग. त्या अर्ध्या तासात कोण राहे तिच्यासंग? मी आता काय करणार आहो? मले फक्त नाव पाह्यजे."

नाव असतं तर दिलंही असतं.

"कोणीच नाही, सर. चादरी ठेवायच्या खोलीत एकट्याच बसायच्या. मी चहा नेला तरी म्हणायच्या, ठेव अन् जा."

"काऊन?"

"एवढाच वेळ माझा आहे, म्हणायच्या."

सर म्हणाले, "कोणी असता त बरं झालं असतं."

उठून दाराशी गेले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.