टाकीपाशी डावीकडे

कपड्यांच्या मोठ्या दुकानात, जिन्याखालच्या कोपऱ्यात शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या काकूंना शहराबाहेरचा तो डोंगर तोंडपाठ होता. चढल्या मात्र एकदाही नव्हत्या. दुकानात कोणी नवा माणूस कामाला लागला आणि रविवारी डोंगरावर जातोय म्हणाला, की काकू ओठांत धरलेल्या टाचण्या तशाच ठेवून त्याला अख्खी वाट सांगत. कुठे पाय घसरतो, कुठे वारा टोपी उडवतो, लोखंडी जिन्याची कुठली पायरी हलते. समोरचा चाट पडे. "काकू, तुम्ही कितीदा गेलात?" असं त्याने विचारलं, की मात्र काकूंना एकदम हातातली पँट आठवे आणि मशीन सुरू होई.

ही सगळी विद्या काकांची. आणि गंमत म्हणजे काकाही कधी चढले नव्हते. काका बसचे ड्रायव्हर. सकाळी शहरातून माणसं भरायची आणि पायथ्याशी सोडायची, संध्याकाळी तीच माणसं गोळा करून परत आणायची, ही ड्युटी त्यांनी नोकरीभर केली. मधे शहरातल्या फेऱ्या. पायथ्याशी बस उभी राहायची ती चहा पिण्यापुरती. एवढा प्रसिद्ध डोंगर, लांबून लांबून लोक यायचे, हौशे-नवशे सगळे, आणि त्यांना रोज दारात नेऊन सोडणारा माणूस उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचा.

सकाळी येणारी माणसं मुकी असत. अर्धी झोपेत, अर्धी डोंगराच्या धास्तीने गप्प. संध्याकाळी मात्र त्यांच्या जिभा सुटत. कोणाचा गुडघा फुटलेला, कोणाचा बूट फाटलेला, आणि ते सांगायला सगळ्यांना जवळचा माणूस म्हणजे ड्रायव्हर. काका स्टिअरिंग धरून ऐकायचे आणि घरी आले की हातपाय धुऊन, खाटेवर मांडी घालून, ते जसंच्या तसं काकूंना सांगायचे. काकू दुकानातून आणलेल्या पँटींना तळपट्टी घालत 'हं, हं' करायच्या.

"टाकीपाशी डावीकडे वळायचं, बरं का. तिथेच फसतात सगळे," काका म्हणायचे.

"बरं."

"सरळ गेलीस की संपलं."

"मी कशाला जातेय?"

"जाऊ की. रिटायर झालो की दोघं जाऊ."

रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात शाळा सुरू होत होत्या आणि काकूंच्या मशीनशेजारी गणवेशांचा ढीग होता. मग पाऊस. मग काकांचा खोकला. खोकल्याचं निमित्त झालं आणि आजार भलताच निघाला. हॉस्पिटलात खिडकीजवळची खाट मिळाली होती, पण खिडकीतून दिसायची समोरच्या इमारतीची भिंत. एका दुपारी काका म्हणाले, "तू जाऊन ये ना."

"कुठे?"

"वर. काय दिसतं ते बघून ये आणि मला सांग. लोकांकडून ऐकलं तेवढं पुरे झालं. तू सांग, अगदी पहिल्यापासून, क्रमाने."

"आधी बरे व्हा. मग दोघं जाऊ."

"माझी वाट बघत बसलीस तर डोंगर झिजून जाईल," काका म्हणाले आणि हसता हसता खोकले.

काकू त्यांना सोडून गेल्या नाहीत. कोण गेलं असतं? काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

आता मुलगी त्यांना तिच्या शहरात न्यायला येणार होती. दोन खोल्यांचं घर रिकामं करून मालकाला द्यायचं ठरलं होतं, तिकडे गेल्यावर गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि परत येण्यासारखं इथे काही उरणार नव्हतं. हातात राहिला होता एक रविवार. काकूंनी मुलीला काही सांगितलं नाही, कारण तिने फोनवरूनच डोक्याला हात लावला असता. त्यांच्या मनात इतकंच होतं, की एकदा वर जायचं, डोळे भरून बघायचं, घरी यायचं आणि खाट उचलून न्यायच्या आत त्या खाटेसमोर बसून सगळं क्रमाने सांगायचं. गेलेल्या माणसाला कसलं सांगायचं, असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

रविवारी सकाळच्या बसवर काकांच्या हाताखाली शिकलेला ड्रायव्हर होता. काकूंच्या पायात कॅनव्हासचे नवे बूट, पाठीवर नातवाचं दप्तर आणि हातात छत्री बघून त्याने गाडी सुरूच केली नाही.

"काकू, एकट्या?"

"तू गाडी चालव."

"अहो, भलेभले रडतात तिथे. बरं, शेवटची गाडी दिवे लागायच्या आत सुटते. थांबवता येत नाही मला."

"माहीत आहे. मलाच सांगतोयस?"

पहिल्या चढालाच काकूंची हवा गुल झाली. नवशिका करतो ते सगळं त्यांनी केलं. सुरुवातीला तरातरा चालल्या, पाणी घटाघटा प्यायल्या, दप्तरात डबा, केळी, स्वेटर, टॉवेल आणि का कोण जाणे, कात्री घेतली होती. तरणी पोरं बाजूने हरणासारखी निघून जात होती आणि जाता जाता 'शाब्बास काकू' म्हणत होती. त्या शाब्बासकीचा काकूंना राग येत होता. बसायला दगड दिसला की त्या बसायच्या, छातीचा भाता शांत झाला की उठायच्या. पण मनात उत्साह होता. काकांनी सांगितलेली एकेक जागा आता दिसेल, म्हणून त्या बघत होत्या. झऱ्यावरचा लाकडी साकव यायला हवा होता, तो आला, पण भलत्याच वेळी आला. उजव्या हाताला दिसेल म्हणून सांगितलेलं जळकं झाड डाव्या हाताला निघालं. ऐकण्यात आपलीच चूक झाली असेल, आपलं लक्ष तरी कुठे असायचं, असं म्हणून काकूंनी ते सोडून दिलं.

मग दगडी पाण्याची टाकी आली. तिथे वाटांचा चौक होता, आणि उजवीकडच्या वाटेवर दगडाला पांढरा बाण रंगवलेला होता. काकू डावीकडे वळल्या.

"काकू, इकडून! बाण बघा ना," टाकीवर बाटल्या भरणाऱ्या घोळक्यातली एक मुलगी ओरडली.

"बाण कोणीही काढतं," काकू म्हणाल्या. "टाकीपाशी डावीकडे. आमच्या घरच्यांना ही वाट तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे."

मुलीने पुन्हा हाक मारली. काकूंनी तिला भीक घातली नाही. नवऱ्याचा शब्द आणि रंगाचा फराटा यांत कशावर विश्वास ठेवायचा, हा त्यांच्यापुरता प्रश्नच नव्हता.

डावी वाट सुरुवातीला सोपी होती, अगदी सपाट. काकू खूश झाल्या. लोक उगाच बाऊ करतात, असंही त्यांच्या मनात आलं. मग झुडपं दाटली. मग काटे. माणसांचे आवाज मागे पडत पडत बंद झाले. छत्री दोनदा अडकली आणि तिची एक काडी मोडली. कात्री मात्र कामाला आली, पदरात घुसलेली काटेरी फांदी कापायला. बऱ्याच वेळाने वाट एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत जाऊन संपली. पुढे उभी भिंत, खाली हिरवं साचलेलं पाणी आणि कडेला गंजलेलं एक घमेलं.

काकू दगडावर बसल्या. पाचावर धारण बसली होती, पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. मग झऱ्या-झाडांची, वाटांची ही थट्टा कशाला? त्या त्याचं बोलणं मनात पुन्हा लावू लागल्या. नेहमी शिखरापासून सुरुवात. मग लोखंडी जिना, मग दोन जुळे खडक, मग टाकी, जळकं झाड, साकव आणि शेवटी फाटक. शिखर महत्त्वाचं म्हणून आधी सांगतात, असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं. आणि एकाएकी त्यांचे हात मांडीवरच थांबले. कोट उलटा केला की डावी बाही उजवीकडे जाते. हे त्या दुकानात नव्या पोरींना रोज शिकवत होत्या.

काकांना डोंगर सांगणारी सगळी माणसं उतरून आलेली होती. चढताना बोलायला दम कोणाकडे? पडायची, घसरायची, चुकायची ती उतरताना, आणि बसमध्ये बसून तेच सांगायची. काकांना डोंगर माहीत होता तो परतीचा. वर कसं जायचं, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

काकूंना आधी हसू आलं. त्या निर्मनुष्य खाणीत त्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसताच त्यांचा बांध फुटला. जन्मभर हा माणूस रोज रात्री एवढ्या हौसेने सांगत होता, आणि आपण एकदाही मान वर करून 'म्हणजे चढताना कुठे?' असं विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर दोघांनी बसून कागदावर काढलं असतं.

टाकीपर्यंत परत येईतो ऊन डोक्यावरून कललं होतं. आता काकू बाणाने निघाल्या. वाट खरोखरच जीव काढणारी होती. गुडघ्यांत सुया टोचत होत्या, हात टेकून, कधी बसून सरकत त्या वर चढल्या. जुळे खडक आले. त्यांच्यामधून अंग चोरून पलीकडे गेल्या, तर समोर लोखंडी जिना होता, कड्याला चिकटलेला, आणि त्यावरून माणसांची रांग खाली येत होती. वर जाणारं कोणी नव्हतं.

टाकीवरची ती मुलगी त्या रांगेत होती. तिने काकूंना ओळखलं, पण 'बघा, मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही.

"काकू, अजून तासभर आहे वर. बस चुकेल तुमची."

"तासभर तुला. मला दोन लागतील."

"मग?"

काकूंनी जिन्याचा कठडा धरला. वर बघितलं तर उतरणाऱ्यांचे तळवे आणि त्यांच्यामधून पांढरं आभाळ, एवढंच दिसत होतं. चढावं, बस गेली तर जाऊ दे, रात्रभर बसू वर, असं एकदा वाटलं. त्यांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलायला गेल्या, तर गुडघ्याने साफ नकार दिला. पुन्हा प्रयत्न केला. मुलीने दंडाला धरलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "नाही जमत."

मुलगी सोबत यायला तयार होती. काकूंनी तिला पुढे पाठवलं. मग त्यांनी डोंगराकडे पाठ केली आणि उतरायला लागल्या.

जुळ्या खडकांपाशी डावा हात दगडाला ठेवायचा, काका सांगायचे. त्यांनी ठेवला आणि नेमकी तिथे पंजाएवढी खाच होती. पुढे मुरुमाची घसरण, तिथे आडवं पाऊल टाकायचं. त्यांनी आडवं टाकलं. टाकीपाशी डावीकडे. जळकं झाड उजव्या हाताला आलं, जिथे यायला हवं होतं तिथेच. सगळं बरोबर होतं. एकेक शब्द खरा होता. काकू चालता चालता बोलू लागल्या. "हो, दिसलं झाड." "हो हो, इथे ओल आहे, बघितलं." समोरून येणाऱ्या कोणाला वाटलं असतं की म्हातारीला चळ लागला. पण समोरून कोणी येत नव्हतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काकूंना एकटं वाटत नव्हतं. साकव जवळ आला तशा त्या मुद्दाम हळू चालू लागल्या. साकवानंतर फाटक, आणि फाटकाशी काकांचं सांगणं संपायचं.

फाटकाबाहेर बसपर्यंत एक लांबलचक मोकळी पायवाट होती. तिच्याबद्दल काका कधी काही बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती, कारण तेवढी वाट कोणाला सांगावी लागत नव्हती, ती ते रोज स्वतः बघायचे. समोरच्या काचेतून, लंगडत, एकमेकांना धरून गाडीकडे येणारी माणसं. अख्ख्या डोंगरातलं तेवढंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. काकू त्या वाटेवरून लंगडत निघाल्या आणि त्यांची नजर बसच्या काचेवर गेली. सीटवर दुसरा माणूस होता. आपल्याला या वाटेवरून येताना बघायला ते हवे होते, इतकंच आपल्याला हवं होतं, हे काकूंना तेव्हा कळलं.

ड्रायव्हर धावत खाली आला आणि त्याने दप्तर घेतलं.

"पोचलात का वर, काकू?"

"नाही रे."

"असू दे. पुढच्या वेळी."

"पुढची वेळ नाही," काकू म्हणाल्या. मग बसच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. "आणि पोचले असते तरी सांगणार कोणाला होते?"

ड्रायव्हरने त्यांच्या दंडाला धरलं. मागे आणखी दोन माणसं चढायची होती, म्हणून काकू कठड्याला धरून वर आल्या आणि त्यांना वाट करून दिली.