आत्यांची सावड

आत्यांना कुणाकडून काही हवं असलं, की त्या आधी त्या माणसाचं एखादं काम उरकून द्यायच्या आणि मग मागायच्या. शेजारी सूप मागायला गेल्या, तर आधी तिथले तांदूळ निवडायला बसायच्या. तोवर शेजारीण विसरून जायची, की ही बाई आली कशाला होती.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. मला पाहायला त्या धसईला आमच्या घरी आल्या, तेव्हा आई वालाच्या शेंगा सोलत होती. पाहुण्या बाईंनी पदर खोचला आणि शेंगांचा अर्धा ढीग स्वतःपुढे ओढून घेतला. चहा गार झाला. माझे वडील घसा खाकरून थकले. नवरा मुलगा, म्हणजे नितीन, लाजून छपराकडे बघत बसला होता. शेवटची शेंग सोलून झाल्यावर आत्या आईला म्हणाल्या, "आता तुमची पोर आमाला द्या." पुढे आई सगळ्यांना सांगायची, "नाय कशी म्हनू? वाल सोलून घेतले ना त्यांच्याकडनं."

किन्हवलीजवळच्या त्यांच्या गावात नांदायला गेले आणि हा स्वभाव कुठून आला ते कळलं. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत तिथे सावड चालते. आज आपण त्यांच्या शेतात राबायचं, उद्या त्यांनी आपल्या. यात पहिला दिवस कुणी द्यायचा यावरून घराघरांत कुरबुरी होतात. आत्यांनी तो प्रश्न कायमचा मिटवला होता. "आधी आपली पाठ वाकवायची, मग दुसऱ्याला वाक म्हनायचं," असं म्हणून त्या पहिल्या दिवशी स्वतः दुसऱ्याच्या चिखलात उतरायच्या.

नितीन मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता. दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी येताना त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. आत्यांचा तो एकुलता एक. सासरे आधीच गेलेले. घरात आम्ही दोघीच उरलो.

मी रडले नाही. स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, म्हशीला पाणी दाखवायचे, फक्त बोलणं बंद झालं होतं. तोंड उघडलं तर आवाज बाहेर यायचा नाही. बायका यायच्या आणि मला रडवायला बघायच्या, नितीनचे कपडे काढून मांडीवर ठेवायच्या. एकदा आत्यांनी ते कपडे उचलून घडी घातले आणि म्हणाल्या, "डोलं तिचं हायेत. तिला काय करायचं ते तिचं ती करंल." त्यानंतर बायका यायच्या थांबल्या.

मग आत्यांनी शोध सुरू केला. एसटीत, बाजारात, पिठाच्या गिरणीवर, जिथे चार माणसं दिसतील तिथे त्या विचारायच्या, "मनाचा डॉक्टर कुठं बसतो?" तेही असं खणखणीत, की मी शेजारी बसलेली असले तर खिडकीबाहेर बघायचे. सुनेला वेड लागलंय हे गावभर झालं. त्याची त्यांना पर्वा नव्हती. कुणीतरी डोळखांबकडचा अंगारे-धुपारे करणारा एक भगत सांगितला. त्याला त्या एकट्या भेटून आल्या आणि चूल पेटवता पेटवता म्हणाल्या, "कामाचा नाय. काय इचारीत नाय, नुसता सांगत सुटतो."

त्या काळात मी पाटीवर लिहून त्यांना एकच गोष्ट विचारली होती. बाहेरच्या माणसाला कशाला सांगायचं? आत्यांना वाचता यायचं. पाटी वाचून त्यांनी ती पुसून ठेवली. "घरातलं दुख घरातल्याला सांगता येत नाय, गो. तुझं मला लागंल नि माझं तुला. दोघी एकाच डबक्यात पडल्याव कोन कोनाला काढनार?"

शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून कळलं, की शहापूरला एका दवाखान्यात दर गुरुवारी ठाण्याहून समुपदेशक मॅडम येतात. पुढच्या गुरुवारी आत्या बियाण्याचं निमित्त सांगून शहापूरला गेल्या आणि दिवेलागणीला रिकाम्या हातानं परत आल्या. "बोलून ठेवलंय. आता तू चल," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, नंबर लावून आल्या.

पहिल्या वेळी मी गप्प बसले आणि मॅडमही माझ्याबरोबर गप्प बसल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी घाई केली नाही. बाहेर आले तर आत्या बाकावर बसून दवाखान्यातल्या झाडूवाल्या मावशींची मेथी निवडून देत होत्या. परतताना त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "भूक लागली काय?" स्टँडवर आम्ही वडापाव खाल्ला. मग दर गुरुवारी तसंच व्हायचं. काही गुरुवारांनी माझ्या तोंडून नितीनचं नाव निघालं, आणि त्या दिवशी इतकी रडले, की मॅडमनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. बाहेर आत्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी माझा चेहरा पदरानं पुसला आणि विचारलं, "भूक लागली काय?"

मी बोलती झाले. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. आत्यांना कितीदा म्हटलं, "तुम्ही पण बसा ना एकदा मॅडमपुढं." त्या हसायच्या. "माझं काय घाईचं हाय?"

पुढच्या वर्षीचं भात झोडून कणग्यात भरलं आणि आठवड्याभरात आत्या गेल्या. साधा ताप होता. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, तेव्हा त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "बस, चहा घे, मंग निगू." त्याचा चहा होईपर्यंत थांबल्या. वाटेतच संपलं.

मी पुन्हा शहापूरला गेले. मॅडमना म्हटलं, "माझं दुःख ऐकायला तुम्ही होतात. त्यांचा पोटचा मुलगा गेला, त्यांचं कुणीच ऐकलं नाही. मीसुद्धा नाही." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आणायच्या आधी त्या एकट्या आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि मलाच विचारलं, तुमचं कोण गेलंय? मी म्हटलं, आजी, इथे तुम्ही बोलायचं असतं. तर म्हणाल्या, ते मागनं, आधी तुमचं. माझे वडील नुकतेच गेले होते. पेशंटला असं सांगायचं नसतं, पण मी सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग उठल्या आणि म्हणाल्या, आता माज्या सुनेचं ऐका."

"आणि त्यांचं?"

"मी विचारलं. म्हणाल्या, एक दिवस दिला, एकच दिवस मागनार."

तो एक दिवस त्यांनी माझ्यासाठी मागितला होता. स्वतःसाठी मागायचा तर आणखी एकदा पाठ वाकवावी लागली असती, आणि तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले. बाहेर मेथी निवडणारं कुणी नव्हतं.

मग मी पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, आधी तुमच्या वडिलांचं सांगा. मला आज आत्यांचं सांगायचंय."

मॅडमनी सांगितलं. मी मधे बोलले नाही. त्यांचं झाल्यावर मी सुरुवात केली. आत्यांचं नाव पार्वती. त्यांना एकच मुलगा होता. तो गेल्यावर त्याची मोटारसायकल जिथे उभी राहायची ती जागा त्या रोज संध्याकाळी झाडायच्या, आणि तिथे कुणाला लाकडं रचू द्यायच्या नाहीत.