आत्याबाईच्या दारचं पाणी

आत्याबाईच्या दारावरून कोरड्या घशाने पुढे जायची कुणाची हिंमत नव्हती. वडवणीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिचं घर. मोटारसायकलवरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ती हात करून थांबवायची. काहीतरी बरंवाईट घडलं असेल म्हणून तो बिचारा घाबरून थांबला, की त्याच्या हातात तांब्या द्यायची. "पी आधी. मग जा कुठं जायचं तिकडं." घाई आहे म्हणणाऱ्याला तर ती हमखास दुसरा तांब्या पाजायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-चार वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. माझी आत्या होता होता ती अख्ख्या गावाची आत्याबाई झाली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे टँकर. टँकर आला की ती पदर खोचून सगळ्यांच्या पुढे असायची, आणि भांडून मिळवलेलं ते पाणी वाटून मोकळी व्हायची. मला याचा राग यायचा. "स्वतःला ठेव की थोडं," म्हटलं तर म्हणायची, "माय, माझी आई इहिरीच्या कडंला घागर घिऊन बसायची. कुणी वरून वतलं तर घरला पाणी. मी तिच्या शेजारी बसलेली हाय. आता माझ्या दारात पाणी हाय, तर मी न्हाई म्हणू?"

आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती. त्यातलं तिला तेव्हा किती कळलं कोण जाणे. पण आपल्या हातचं पाणी कुणालाही चालतं, चाललं पाहिजे, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. माणूस पाणी कसं पितो याच्यावर तिची बारीक नजर असायची. कुणी तांब्या उंच धरून वरून घशात ओतला तर ती काही बोलायची नाही. कुणी तोंड लावून प्यायला, की दिवसभर तिची कळी खुललेली.

गोविंद आबा हे तिचं सगळ्यात मोठं यश. आबा धनगर, मेंढरं राखणारे. त्यांचे वडील आमच्या वस्तीत पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. आबा मात्र भर दुपारी मेंढरं घेऊन तिच्या दारच्या लिंबाखाली यायचे, तांब्या तोंडाला लावून रिकामा करायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "बाई, तुज्या हातच्या पाण्याची सर न्हाई बग कशाला." हे वाक्य तिने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेवटी शेवटी मी तिच्या आधी म्हणून दाखवायची. ती हसायची आणि तरीही पुन्हा सांगायची.

तिची दुसरी खोड म्हणजे घासणं. आपल्या भांड्यांकडे बघून कुणाला नाक मुरडता येऊ नये, म्हणून ती राख आणि विटेचा चुरा घेऊन तुटून पडायची. माझ्या वहिनीने एकदा पुण्याहून तिच्यासाठी नॉनस्टिकचा तवा आणला. काही दिवसांनी गेलो तर तवा लख्ख पांढरा! "लई काळा व्हता," आत्याबाई सांगत होती, "रोज जरा जरा घासला. आता बग कसा निघाला." वहिनीने कपाळाला हात लावला. आम्ही पोट धरून हसलो, आणि आत्याबाईने त्याच तव्यावर भाजलेल्या भाकरी जेवलो.

घासूनही जे निघायचं नाही ते उन्हाकडे. "उन्हानं समदं निघतं" हा तिचा मंत्र. गोधड्या उन्हात, लोणच्याची बरणी उन्हात, तान्ह्या लेकराची दुपटी उन्हात. पाणी साठवायचे निळे ड्रम ती वडवणीच्या आठवडी बाजारातून जुनेच घ्यायची, सगळं गावच घेतं. त्यांच्यात आधी काय होतं ते विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणारा विचारत नाही. ती ड्रम सोड्याने धुवायची, लिंबाचा पाला टाकून ठेवायची आणि मग उन्हात उपडा घालायची. वास गेला की ड्रम शुद्ध झाला, असा तिचा हिशेब.

मग तो उन्हाळा आला. टँकरची खेप लांबत चालली होती, म्हणून तिने आणखी एक ड्रम घेतला. त्याचा वास काही केल्या जाईना. माणसांना नको, मेंढरांना होईल म्हणून तिने तो भरून अंगणात उन्हातच ठेवला. दुपारी आबांची मेंढरं आली, पोटभर प्यायली, आणि तासाभरात लिंबाखाली एकेक करून खाली बसायला लागली. तोंडाला फेस आला. काही वाचली, बाकीची तिच्या अंगणातच गेली. आबा मेलेल्या कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि आत्याबाई त्यांच्यासमोर तांब्या घेऊन उभी होती. अशा वेळी माणसाला पाणी द्यायचं, एवढंच तिला माहीत होतं. आबांनी तांब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जनावरांचा डॉक्टर आला. त्याने ड्रमात वाकून वास घेतला आणि म्हणाला, "यात आधी कसलं तरी केमिकल असणार. प्लास्टिक ते शोषून घेतं. कितीही धुवा, निघत नाही. उन्हात तापलं की उलट पाण्यात उतरतं."

"उन्हानं?" आत्याबाईने विचारलं. मग घरातल्या जुन्या ड्रमांकडे बोट केलं. "आन् ह्ये?"

"कुठून घेतले?"

"तितूनच."

"हेही वापरू नका."

"पर आमी वर्सान् वर्सं पितोय की. समद्या गावाला पाजलंय मी."

"त्याचं आता काही सांगता येत नाही, आजी."

पाण्याचा नमुना नेला, तोही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. त्याचं पुढे काहीच कळलं नाही.

सांगता येत नाही, हे डॉक्टरचे शब्द तिच्या काळजात रुतून बसले. मी बीडहून गेले की ती वस्तीतल्या एकेकाचं दुखणं काढून बसायची. अमक्याची किडनी, तमकीचं पोट पडलं, कुणाच्या पोराची वाढ खुंटली. "माझ्या पाण्यानं असंल का गं?" मी नाही म्हणायची, पण मला तरी काय ठाऊक? एकदा भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "माय, त्या तव्याचं काळं मी घासून काढलं. समदं काय राखंत ऱ्हायलं नसंल. उरलेलं कुटं गेलं?" तिच्या समोरच्या परातीत पीठ होतं आणि आम्ही दोघी त्या पिठाकडे बघत बसलो.

लोकांनी तिच्या दारात थांबणं सोडलं. कुणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. फक्त गाड्या थांबेनाशा झाल्या. आबांनी मेंढरांची वाट बदलली. ती उंबऱ्यात बसून रस्ता बघायची. एकदा माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "येवडंच सांग मला. लोक ड्रमाच्या भ्यानं पित न्हाईत, का आईच्या येळंचंच परत आलं? आबा कावून येत न्हाई?" मी म्हटलं, "आत्याबाई, ड्रममुळेच गं." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. खरं सांगायचं तर माझाही पूर्ण बसला नव्हता.

ते ड्रम घराबाहेर काढणंही तिला जमेना. भंगारवाल्याला दिले तर तो पुन्हा कुणाला तरी विकणार. जाळले तर धूर वस्तीत, पुरले तर मातीत. तिने विळ्याने त्यांना भोकं पाडली आणि घरामागे ओळीने उभे केले. पाणी तर साठवावंच लागतं, म्हणून मी नवीन ड्रम आणून दिला. तोही प्लास्टिकचाच, गावात दुसरं मिळतं काय? त्यातलं पाणी ती स्वतः प्यायची, पण दुसऱ्या कुणालाही घेऊ द्यायची नाही. शेवटच्या भेटीत मी घागरीकडे हात केला तर ती केवढ्यांदा ओरडली! मग दुकानातून आणलेली सीलबंद बाटली माझ्यापुढे ठेवली. दुकानाबाहेर उन्हात पडून ती बाटली कोमट झाली होती. आत्याबाईच्या घरात मी पहिल्यांदाच पाहुण्यासारखी पाणी प्यायले, आणि ते पिताना मला रडू आवरेना.

पावसाळा संपता संपता ती गेली. कशाने गेली म्हणायचं? वय झालं होतं. तिचंही काही सांगता येत नाही.

जलदान विधीला गाव जमलं. बहुतेकांच्या हातात आपापली बाटली होती. मी बीडहून स्टीलचं पिंप नेलं होतं, पावसानंतर चालू झालेल्या हापशाचं पाणी स्वतः भरलं होतं. विधीत बौद्धाचार्यांनी सांगितलं तसं ताटात पाण्याची धार सोडली. ज्या बाईने आयुष्यभर पाणी दिलं तिच्या नावाने आम्ही पाणी देत होतो.

गोविंद आबा आले होते. मांडवाच्या कडेला बसून उपरण्याने डोळे पुसत होते. मी आत्याबाईचाच तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ आत बघत राहिले. मग हळूच खुर्चीखाली ठेवला. "मागून पितो, ताई," म्हणाले.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या आवरायला घेतल्या. तांब्या काठोकाठ भरलेलाच होता. पिंप स्टीलचं आहे, पाणी हापशाचं आहे, हे मी त्यांना देतानाच सांगितलं होतं.